मोडलेल्या पिस्टनांचा इतिहास : बर्ट मन्रो आणि १९२० ची इंडियन स्काऊट

#धागा #इतिहास #तंत्रज्ञानाचा_इतिहास

१/
‘द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन’ हे २००५ च्या चित्रपटाचे नाव मराठी वाचकाला क्षणभर चकवते. यातील ‘इंडियन’ म्हणजे भारतीय माणूस नव्हे. ती अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे घडलेली ‘इंडियन’ कंपनीची मोटारसायकल. तिचे मालक बर्ट मन्रो न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला राहत. त्यांनी १९२० साली विकत घेतलेले हे यंत्र १९६७ साली, म्हणजे ४७ वर्षांनी, ताशी २९६ किलोमीटर वेगाने धावले. या धाग्यात एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे : मधल्या ४७ वर्षांत त्या इंजिनाचे नेमके काय झाले, आणि ते आपल्याला आज कशावरून कळते?

२/
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा ‘पहिल्यां’चा सांगितला जातो. पहिले वाफेचे इंजिन, पहिले विमान, पहिला संगणक. यंत्र कारखान्याबाहेर पडले की इतिहासकाराची त्यातली रुची संपते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात या सवयीवर नेमके बोट ठेवले. शोधांपेक्षा वापराचा, दुरुस्तीचा, जुन्या वस्तू चालू ठेवण्याचा इतिहास लिहायला हवा, असे त्यांचे म्हणणे. मन्रो यांची स्काऊट हे त्या म्हणण्याचे उत्तम उदाहरण आहे.

३/
आधी यंत्राचे मूळ पाहू. इंडियन कंपनीचे जनक जॉर्ज हेन्डी आणि ऑस्कर हेडस्ट्रॉम. स्काऊटचा आराखडा मात्र चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याचा. फ्रँकलिन स्वतः शर्यतपटू होते. १९११ साली आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टीटी शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक इंडियन मोटारसायकलींनी पटकावले, त्यांत दुसरा क्रमांक फ्रँकलिन यांचा होता. शर्यतीत यंत्र कुठे दगा देते हे अंगावर अनुभवलेल्या माणसाने १९२० च्या हंगामासाठी स्काऊट रेखाटली.

४/
ही शर्यतीची गाडी मात्र नव्हती. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे ४२ अंशांच्या कोनात बसवलेले दोन सिलिंडर, एकूण घनफळ सुमारे ६०० सीसी, बाजूला बसवलेल्या झडपा, हाताने बदलायचे तीन गिअर. इंजिनातून गिअरपेटीकडे शक्ती नेण्यासाठी साखळीऐवजी दंतचक्रे होती, त्यामुळे ती टिकाऊ म्हणून नावाजली गेली. सर्वाधिक वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर. रोज कामावर जाणाऱ्या माणसासाठी केलेले हे भरवशाचे, मध्यम ताकदीचे वाहन होते.

५/
हर्बर्ट जेम्स ऊर्फ बर्ट मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ चा, शेतकरी कुटुंबातला. इन्व्हरकार्गिल हे त्यांच्या परिसरातले शहर. १९२० साली त्यांनी घेतलेली स्काऊट ही कारखान्यातून बाहेर पडलेली ६२७ वी स्काऊट होती, म्हणजे त्या मॉडेलच्या अगदी आरंभीच्या गाड्यांपैकी एक. १९२६ च्या सुमारास त्यांनी तिच्यात फेरफार करायला सुरुवात केली आणि हे काम पुढे सुमारे चार दशके चालू राहिले. पुढे त्यांच्याकडे १९३६ ची एक व्हेलोसेट मोटारसायकलही आली. तिच्यावरही त्यांनी असेच प्रयोग केले.

६/
काम किती अवघड होते हे समजण्यासाठी थोडे गणित. ताशी ८८ वरून ताशी २९६ म्हणजे वेग साधारण ३.३५ पट. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो ओलांडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ३.३५ चा घन सुमारे ३७. म्हणजे गाडीचा आकार तसाच ठेवला असता तर जवळपास ३७ पट शक्ती लागली असती. एवढी शक्ती या इंजिनातून काढणे अशक्यच. म्हणून काम दोन अंगांनी करावे लागले : इंजिनाची शक्ती वाढवायची आणि गाडीभोवती निमुळते कवच घालून हवेचा अडथळा घटवायचा.

७/
इंजिनाची शक्ती वाढवण्याचे ढोबळ मार्ग तीन. सिलिंडरचे घनफळ वाढवावे, म्हणजे एका खेपेस अधिक मिश्रण जळेल. इंजिनाचा श्वास मोकळा करावा, म्हणजे मिश्रण आत आणि धूर बाहेर सहज जाईल. किंवा फेऱ्यांचा वेग वाढवावा, म्हणजे मिनिटाला अधिक स्फोट होतील. मन्रो यांनी तिन्ही मार्ग चोखाळले. अडचण अशी की यातला प्रत्येक मार्ग मूळ यंत्राच्या कुठल्या ना कुठल्या भागावर असा ताण आणतो, ज्याचा विचार फ्रँकलिन यांनी कधी केलाच नव्हता. करण्याची गरजही नव्हती.

८/
पहिला मार्ग घनफळाचा. मूळचे ६०० सीसी इंजिन १९६२ पर्यंत ८५० सीसीचे, १९६६ मध्ये ९२० सीसीचे आणि १९६७ मध्ये ९५० सीसीचे झाले. हे आकडे सहज वाटतात. पण सिलिंडरचा व्यास वाढवायचा तर नवे सिलिंडर हवेत, नव्या सिलिंडरला नवे पिस्टन हवेत, मोठ्या पिस्टनचा भार सोसायला दणकट कनेक्टिंग रॉड हवेत, आणि त्या सर्वांचा तोल सांभाळायला नवी फ्लायव्हील हवीत. एक भाग बदलला की शेजारचा अपुरा पडतो. मन्रो यांनी हे सगळे भाग स्वतः घडवले.

९/
दुसरा मार्ग श्वासाचा. मूळ स्काऊटच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. अशा रचनेत मिश्रणाला वळसा घेऊन आत यावे लागते आणि ज्वलनाची जागा पसरट होते, त्यामुळे मिश्रण फार दाबता येत नाही. झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या की वाट सरळ होते आणि दाबही वाढवता येतो. मन्रो यांनी तसे केले. इंजिनाचा खालचा भाग १९२० च्या विचारांचा, आणि माथा पुढच्या पिढीचा, असा संकर त्यांच्या शेडमध्ये तयार झाला.

१०/
झडपा केव्हा उघडाव्यात आणि केव्हा मिटाव्यात हे ठरवतो तो कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा विशिष्ट आकाराचा उंचवटा. मूळ इंजिनात दोन कॅम होते. झडपा चार असल्याने एकाच कॅमला दोन झडपांचे वेळापत्रक सांभाळावे लागे. मन्रो यांनी चार कॅमची रचना केली, म्हणजे प्रत्येक झडपेचे वेळापत्रक स्वतंत्र ठेवता आले. कॅमचा आकार केसभर चुकला तरी झडप उशिरा मिटते आणि वर येणारा पिस्टन तिच्यावर आदळतो. असा आकार हाताने घासून काढायचा म्हणजे कानशीचा प्रत्येक फटका विचार करून मारावा लागतो.

११/
तिसरा मार्ग फेऱ्यांचा, आणि सर्वांत महागडा. पिस्टन प्रत्येक फेरीत वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो. या थांबण्या-निघण्याचा झटका फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या दुप्पट झाल्या की झटका चौपट. पिस्टनला धरून ठेवणारा कनेक्टिंग रॉड हा झटका मिनिटाला हजारो वेळा सोसतो. तो तुटला तर त्याचे तुकडे इंजिनाची पेटी फोडून बाहेर येतात. जुन्या इंजिनातून शर्यतीचा वेग काढणाऱ्या प्रत्येक कारागिराला हा हिशेब कधी ना कधी चुकता करावाच लागतो.

१२/
आता पिस्टनकडे येऊ, कारण या कथेचा गाभा तिथेच आहे. मन्रो पिस्टन स्वतः ओतत. ओतकामासाठी ते जुने पत्र्याचे डबेसुद्धा वापरत. प्रक्रिया पुरातन आहे : साचा तयार करायचा, अॅल्युमिनियम वितळवायचे, ओतायचे, थंड होऊ द्यायचे आणि मग लेथवर कातून नेमक्या मापाचे करायचे. धातू थंड होताना आकसतो, त्याची तजवीज साच्यातच करावी लागते. ओतताना वायू अडकला तर आत पोकळी राहते. ती बाहेरून दिसत नाही. पूर्ण वेगात, पूर्ण तापात पिस्टन फुटतो तेव्हाच ती कळते.

१३/
माप नेमके का हवे? अॅल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. समजा, ७५ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन आणि त्याचे सिलिंडर दोन्ही २०० अंशांनी तापले. पिस्टन सुमारे ०.३५ मिलिमीटरने फुगेल, सिलिंडर त्याच्या निम्म्यानेच. थंड असताना दोघांत हा फरक मोकळा सोडला नाही तर पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट धरला जातो आणि मागचे चाक जागीच अडते. मोकळीक जास्त ठेवली तर पिस्टन डळमळतो आणि दाब खालून निसटतो. योग्य मोकळीक या दोन संकटांच्या मधली अरुंद पट्टी असते, आणि ती ठरते अनुभवाने.

१४/
हे मोजायला मन्रो यांच्याकडे काय होते? मायक्रोमीटरच्या जागी ते चाकाचा जुना स्पोक वापरत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ऐकणाऱ्याला ती विक्षिप्तपणाची वाटते. पण विचार केला तर तिच्यात पद्धत दिसते. मायक्रोमीटर आकडा सांगतो. तारेचे साधन फक्त तुलना करते : हा भाग त्या भागापेक्षा किंचित मोठा आहे की लहान. एकाच माणसाने एकाच यंत्राचे भाग एकमेकांना जुळवायचे असतील तर तुलना पुरते. आकड्याची गरज लागते ती मोजणारा एक आणि घडवणारा दुसरा असतो तेव्हा. कारखान्याचे ज्ञान आकड्यात साठते, मन्रो यांचे ज्ञान बोटांत साठले होते.

१५/
बाकीच्या भागांचीही हीच तऱ्हा. कनेक्टिंग रॉड त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून कोरून काढले. ओतीव लोखंडी गॅसच्या नळातून सिलिंडर घडवले. हा माल निवडण्यामागे काटकसर होतीच, पण समजही होती. ट्रॅक्टरचा आस मुळातच पिळवटणारे ओझे सोसण्यासाठी घडवलेला असतो. चांगले पोलाद विकत घेण्याची ऐपत नसेल, तर ज्या वस्तूत ते आधीच वापरलेले आहे ती वस्तू शोधायची. भंगाराच्या ढिगाकडे पाहून त्यातला धातू ओळखणे हेही ज्ञानच आहे, फक्त ते कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

१६/
यातले पुष्कळ भाग फुटले, वितळले, तुटले. मन्रो यांनी ते फेकले नाहीत. शेडमधल्या फळीवर ते मांडून ठेवले आणि त्यावर लिहिले : ‘वेगदेवतेला अर्पण’. रॉजर डोनाल्डसन यांनी १९७१ साली मन्रो यांच्यावर लघुपट केला, तेव्हा त्याला हेच नाव दिले. पुढे २००५ चा चित्रपटही डोनाल्डसन यांनीच दिग्दर्शित केला, त्यात मन्रो यांची भूमिका अँथनी हॉपकिन्स यांनी केली. त्या फळीची जगाला ओळख झाली ती यामुळे.

१७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही फळी म्हणजे एक दफ्तरखाना वाटतो. प्रत्येक मोडका पिस्टन एका प्रयोगाचा निकाल आहे. माथ्याला भोक पडले असेल तर तिथे उष्णता अति झाली. कडेला ओरखडे असतील तर मोकळीक कमी पडली. पिनेपाशी तडा असेल तर झटका सोसवला नाही. कारखान्यात अशा प्रयोगाचा अहवाल लिहिला जातो, त्यावर तारीख आणि सही असते. इथे अहवालाच्या जागी तो भागच आहे. असा पुरावा वाचायचा तर आपल्याला धातू वाचता यायला हवा, आणि आपल्या अभ्यासक्रमांत ते शिकवले जात नाही.

१८/
या कामाची किंमतही नोंदवायला हवी. मन्रो दिवसा मोटारसायकलींच्या विक्रीचे काम करत आणि रात्र-रात्र यंत्रावर राबत. चाळीसच्या दशकात त्यांचा संसार मोडला. पुढे ते शेडमध्येच राहू लागले, यंत्राच्या शेजारी. ध्येयवेड्या माणसाची कथा सांगताना आपण हे वाक्य पटकन ओलांडतो, किंवा त्याच्या त्यागाचा दाखला म्हणून वापरतो. त्याग एकट्याचा नव्हता. घरातल्या माणसांच्या वाट्याला जे आले त्याची नोंद कुठल्याही फळीवर नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा गाळलेल्या जागा फार आहेत.

१९/
१९३८ साली मन्रो यांनी न्यूझीलंडमधला आपला पहिला विक्रम केला. सरावासाठी इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटीचा समुद्रकिनारा होता. पण खरे मैदान होते अमेरिकेतल्या युटा राज्यातले बॉनव्हिल : एका प्राचीन सरोवराच्या आटण्याने उरलेली मिठाची अफाट सपाटी, समुद्रसपाटीपासून सुमारे १२८० मीटर उंचीवर. तिथली हवा विरळ असते. त्यामुळे अडथळा कमी होतो, पण इंजिनाला श्वासही कमी मिळतो. १९४८ साली इथेच रोली फ्री यांनी पोहण्याच्या चड्डीत, व्हिन्सेंटच्या पाठीवर आडवे पडून, ताशी सुमारे २४२ किलोमीटरचा वेग गाठला होता. ती गाडी कंपनीने वेगासाठी खास सज्ज केलेली आणि अगदी नवी होती.

२०/
मन्रो यांची गाडी तशी नव्हती, आणि तिथे पोहोचले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. १९६२ साली ८८३ सीसी वर्गात ताशी सुमारे २८८ किलोमीटर. १९६६ साली १००० सीसी वर्गात सुमारे २७०. १९६७ साली त्याच वर्गात तेव्हाच्या नोंदीनुसार १८३.५८६ मैल, म्हणजे सुमारे २९५.५ किलोमीटर. शेवटच्या विक्रमाच्या वेळी मन्रो ६८ वर्षांचे होते. १९६६ चा आकडा १९६२ पेक्षा कमी आहे, हे लक्षात घ्या. वर्ग वेगळा असल्याने तोही विक्रमच ठरला. प्रगती चढत्या जिन्यासारखी असते हा आपला समज असे आकडे मोडून काढतात.

२१/
आणखी एक गैरसमज दूर करू. मन्रो जगातील सर्वांत वेगवान मोटारसायकलस्वार कधीच नव्हते. १९५६ सालीच विल्हेल्म हेर्त्स यांनी जर्मन एनएसयू कंपनीच्या गाडीवर याच बॉनव्हिलला ताशी सुमारे ३३९ किलोमीटरचा वेग गाठला होता. १९६६ साली बॉब लेपन यांनी ट्रायम्फची दोन इंजिने जोडलेल्या गाडीवर ताशी सुमारे ३९५ गाठले. मन्रो यांचे विक्रम घनफळाच्या ठरावीक वर्गातले आहेत. हे सांगितल्याने त्यांचे मोल कमी होत नाही. उलट ते नेमके कशात आहे हे दिसते : सुरुवात कुठून झाली आणि साधने कोणती होती, यात.

२२/
चित्रपट पाहिलेल्यांसाठी एक टीप. त्यात मन्रो यांच्या अनेक वर्षांच्या खेपा एकाच प्रवासात गुंफल्या आहेत. कथेसाठी ते सोयीचे आहे. म्हातारा माणूस दूरदेशी जातो, अडथळे पार करतो, जिंकतो. प्रत्यक्षात ते १९५७ साली बॉनव्हिल नुसते पाहून आले, विक्रम झाला १९६२ साली, आणि त्यानंतरही ते पुनःपुन्हा गेले. घरी परतायचे, इंजिन उघडायचे, काय बिघडले ते पाहायचे, नवा भाग घडवायचे, पुन्हा समुद्र ओलांडायचे. चित्रपटात विजयाचा क्षण आहे. इतिहासात दोन खेपांमधले रिकामे महिने आहेत, आणि काम त्या महिन्यांत झाले.

२३/
१९६७ च्या पात्रता फेरीत त्यांची गाडी एका दिशेने ताशी १९०.०७ मैल, म्हणजे सुमारे ३०६ किलोमीटर धावली. हा आकडा विक्रम म्हणून का धरला जात नाही? नियम असा की गाडी दोन्ही दिशांनी धावली पाहिजे आणि दोन्ही वेगांची सरासरी घेतली पाहिजे. एका दिशेला पाठीवर वारा असू शकतो. उलट दिशेने तोच वारा छातीवर येतो आणि हिशेब सारखा होतो. एका साक्षीवर विसंबू नये, दुसऱ्या बाजूनेही तपासावे, हे इतिहासलेखनाचे तत्त्व इथे मिठाच्या मैदानावर पाळले जाते.

२४/
आता या कथेतले सर्वांत अनपेक्षित पान. मन्रो यांचे निधन ६ जानेवारी १९७८ रोजी झाले. त्यानंतर ३६ वर्षांनी, २०१४ साली, त्यांच्या मुलाच्या लक्षात आले की १९६७ च्या दोन फेऱ्यांची सरासरी काढताना बेरीज-भागाकारात चूक झाली होती. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने ती मान्य केली आणि अधिकृत आकडा १८३.५८६ वरून १८४.०८७ मैल केला. फरक जेमतेम अर्ध्या मैलाचा, म्हणजे ताशी ०.८ किलोमीटरचा. जवळपास अर्धशतक हा चुकीचा आकडा पुस्तकापुस्तकांतून उतरवला जात राहिला, आणि सरासरी पुन्हा काढून पाहणे कुणाला सुचले नाही.

२५/
इथे दोन प्रकारचे पुरावे समोरासमोर येतात. एकीकडे शिक्का बसलेला अधिकृत आकडा, ज्यावर सर्वांनी विश्वास ठेवला आणि जो चुकीचा होता. दुसरीकडे शेडमधली मोडक्या भागांची फळी, जिला कुणी दस्तऐवज मानले नाही आणि जी खोटे बोलू शकत नव्हती, कारण फुटलेला पिस्टन फुटलेलाच असतो. कागद टाकाऊ आहे, असे मला म्हणायचे नाही. चूक सापडली तीही कागदावरच्या दोन आकड्यांवरूनच. म्हणणे इतकेच की अधिकृत म्हणून कागद तपासण्यातून सुटत नाही, आणि भंगार म्हणून वस्तू साक्षीतून बाद होत नाही.

२६/
एक प्रश्न नेहमी विचारला जातो : इतके बदलल्यावर ती १९२० ची स्काऊट उरली का? थीसियसच्या जहाजाचे जुने कोडे इथे प्रत्यक्ष उभे राहते. एकेक फळी बदलत गेले, तर जहाज तेच का? सिलिंडर नवे, पिस्टन नवे, माथा नवा, कॅम नवे, फ्लायव्हील नवी. माझ्या मते प्रश्न थोडा फिरवून विचारावा. नवा भाग प्रत्येक वेळी उरलेल्या जुन्या भागांना जुळवून घडवावा लागला. फ्रँकलिन यांनी ठरवलेला ४२ अंशांचा कोन शेवटपर्यंत मन्रो यांच्या हाताला मर्यादा घालत होता. जुने यंत्र उरले ते त्या मर्यादेच्या रूपाने.

२७/
आज जुन्या मोटारसायकलींच्या शर्यती हे स्वतंत्र क्षेत्र आहे. ब्रिटनमध्ये व्हिंटेज मोटर सायकल क्लबची स्थापना १९४६ साली झाली, आणि पुढे इतर देशांतही अशा संस्था निघाल्या. जुन्या इंजिनांचे भाग आज संगणकनियंत्रित यंत्रांवर नव्याने घडवले जातात, आणि त्यातले किती ‘अस्सल’ मानायचे यावर वाद होतात. मन्रो या क्षेत्रात बसत नाहीत. ते जुन्या गाडीला वारसा म्हणून जपत नव्हते, आणि जुन्यांच्या रांगेत धावतही नव्हते. वर्गात जे कोणी नवे येईल त्याच्याशी त्यांची स्पर्धा होती. त्यांच्या दृष्टीने ती गाडी जुनी नव्हती, अपुरी होती.

२८/
इंडियन कंपनीच्या स्प्रिंगफील्डमधील कारखान्यात मोटारसायकलींचे उत्पादन १९५३ साली थांबले. म्हणजे मन्रो यांचे तिन्ही विक्रम कारखाना बंद झाल्यानंतरचे आहेत. स्काऊटचे सर्वांत वेगवान रूप तिच्या जन्मदात्या कारखान्यात कधी तयारच झाले नाही. ते दुसऱ्या गोलार्धात, एका विक्रेत्याच्या शेडमध्ये, भंगारातून तयार झाले. कारखान्याची कागदपत्रे कितीही नीट जपली तरी त्यांत ही गाडी सापडणार नाही. यंत्राचा इतिहास लिहिताना कारखान्यावर थांबलो तर नेमके काय हातचे जाते, हे यावरून कळावे.

२९/
२००६ साली अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या सन्मान-दालनात मन्रो यांचा समावेश झाला. त्यांची यंत्रे इन्व्हरकार्गिलमध्ये ई. हेज अँड सन्स या हार्डवेअरच्या दुकानात लोकांना पाहता येतात. खिळे-बिजागऱ्या घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या वाटेवर ती असावीत, हे मला योग्य वाटते. ज्या प्रकारच्या मालातून ती घडली, तो माल त्याच छपराखाली विकला जातो.

३०/
शेवटी एक विनंती. आपल्या घरात, गावात, ओळखीत जुने लेथ चालवणारे, इंजिने बांधणारे, ओतकाम करणारे कारागीर असतील तर त्यांच्याशी बोला. त्यांनी कुठला भाग का बदलला, काय फुटले, त्यावरून पुढच्या वेळी काय केले, हे विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. कोपऱ्यात पडलेला मोडका भाग फेकण्याआधी त्याची कहाणी विचारा. अशी माणसे फार लिहून ठेवत नाहीत, आणि त्यांच्यासोबत हे ज्ञान निघून जाते. अशी एखादी नोंद आपल्याकडे असेल तर या धाग्याखाली जरूर जोडावी. धागा समाप्त.